आढळले नाहीत

ऑक्टोबर अर्धा सरला तरी कूलरची ताटी उतरवली नव्हती,
आणि खसाच्या त्या ओल्या वासात
माझ्या अकरा कुंड्यांना चिलटं लागली.
चहाच्या कपात एक. चष्म्याच्या काचेवर एक.
वरणावर तरंगणारं, जिऱ्यासारखं, एक.
शेजारच्या हेडाऊबाई म्हणाल्या, कडुनिंबाचा धूर करा.
केला. मला खोकला झाला.
चिलटं होती तिथेच.

बटाट्याची चकती कापून मातीवर उपडी ठेवली रात्रभर.
सकाळी उलटली तर खालच्या अंगाला
काळ्या डोक्याच्या, काचेसारख्या आरपार अळ्या.
चौदा.
मोजल्याशिवाय मला राहवत नाही.

मेयोच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं
मी लोकांच्या पोटातले जंत मोजले.
इतवारीतून, कामठीतून, पार उमरेडहून डब्या यायच्या,
सुरुवातीच्या काळात तर आगपेटीतसुद्धा.
काडीनं काचेवर थेंब, थेंबावर पातळ काच,
आणि त्या गोल उजेडात जे हलेल
ते वैरी.
लहान मुलाच्या नावापुढे ‘आढळले’ लिहिताना
पेन जरा अडायचं.

महाराजबागेजवळच्या कृषी कॉलेजातला भूषण कुंभरे
पाकीट घेऊन आला. पांढरट पीठ, मूठभर.
“पन्नास लाख आहेत काकू याच्यात.”
काय पन्नास लाख?
“सूत्रकृमी. जंतच समजा ना.
अळीच्या आंगात घुसतेत, पोटातले जिवाणू सोडतेत,
दोन दिवसात अळी खल्लास.
फक्त ऊन नका लागू देऊ याईले. सांजच्यान टाका.
अन् फ्रीजमध्ये ठेवा, बर्फात नाही.”

मग पन्नास लाख जंत दोन रात्री
माझ्या फ्रीजमध्ये झोपले,
दह्याचं पातेलं आणि सांबाराची जुडी यांच्या मधोमध.
मी दार हळू लावायची.

धंतोलीतली एक लॅब बंद पडली तेव्हा
भंगाराच्या भावात घेतलेला सूक्ष्मदर्शक
माळ्यावर होता, जुन्या साडीत गुंडाळलेला.
काढला. एक थेंब. आरसा खिडकीकडे फिरवला.
आधी नुसती धूळ.
मग त्या धुळीतला एक केस वळला.
मग दुसरा. मग सगळी काच
उकळी फुटण्याआधीच्या पाण्यासारखी.
“हलतायत,” मी मोठ्यानं म्हणाले,
घरात कुणी नव्हतं तरी.

संध्याकाळी उन्हं गच्चीच्या कठड्यावरून उतरल्यावर
झारीची जाळी काढून ठेवली.
मनी प्लांटला, पीस लिलीला,
त्या सापाच्या पट्ट्यांच्या झाडाला, पिवळ्या पडलेल्या कढीपत्त्याला,
आणि आइसक्रीमच्या डब्यातल्या संत्र्याला,
ज्याची बी मीच गेल्या हिवाळ्यात थुंकली होती,
रुजेल असं न वाटून.
पाणी दिसतं तसंच दिसत होतं.
सैन्य वगैरे काही वाटलं नाही.

आठवड्यानं भूषणला फोन केला.
अळ्या संपल्या की हे काय खातात रे?
“काय खाईन काकू? मरून जाते.
खायलेच भेटत नाही ना मंग.”
मागे बसचा हॉर्न वाजत होता. तो घाईत होता.
मी फोन ठेवला आणि बराच वेळ
कुंड्यांकडे बघत बसले, जिथे बघण्यासारखं
वर काहीच घडत नव्हतं.

चौदाव्या दिवशी पुन्हा अकरा चकत्या,
भिंग, आणि वही, उभ्या रेघा आखलेली.
पिवळ्या चिकट कार्डावर जुनीच चिलटं, वाळून चिकटलेली.
दहा कुंड्या साफ.
संत्र्याच्या डब्यात एक होती.
काळं डोकं. जिवंत. वळवळत उजेडापासून दूर चाललेली.
चिमटा माझ्या हातातच होता.

वहीत अकराही ओळींपुढे लिहिलं: आढळले नाहीत.
सही केली, सवयीनं, तारखेसकट.
चकती होती तशी उपडी ठेवली
आणि कूलरच्या टाकीतलं पाणी
नळी लावून सोडून दिलं.